स्वस्तातले खेळाडू शोधताना: नव्या भिडूसाठी

आपल्या नाशिकच्या लीगमध्ये आलास, छान झालं. फॅन्टसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंची आपली टीम बनवायचा ऑनलाइन खेळ; ते मैदानात जे करतात त्याचे गुण आपल्याला. त्यात 100 मिलियन (खेळातले पाउंड) मध्ये 15 खेळाडू बसवायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त 3. नवे लोक सगळे पैसे नावाजलेल्या स्ट्रायकरवर उडवतात आणि बचावात कुणालाही भरतात. तू तसं करू नकोस.

आधी खेळाडूची खेळायची जागा बघ, मग नाव. एकाच गोलला डिफेंडरला (बचावातला) 6 गुण, मिडफिल्डरला (मधल्या फळीतला) 5, फॉरवर्डला (पुढचा, स्ट्रायकर) 4. म्हणून खेळाच्या यादीत मिडफिल्डर, पण मैदानात पुढे खेळणारा माणूस सोन्यासारखा. लिव्हरपूलकडून खेळताना सालाह वर्षानुवर्षे तसाच मिळत असे, फक्त तो महाग होता. तुला त्याच प्रकारातला स्वस्त खेळाडू हवा. डिफेंडर घेताना कॉर्नर, फ्री किक कोण मारतो ते बघ. असिस्टचे (गोल होण्याआधीच्या शेवटच्या पासचे) 3 गुण तिथूनही येतात. शिवाय 2025-26 पासून एका सामन्यात टॅकल (समोरच्याकडून बॉल काढून घेणं), क्लिअरन्स (बॉल गोलपासून लांब मारणं) वगैरे मिळून 10 झाले की डिफेंडरला 2 गुण जास्तीचे. साधे, राबणारे सेंटर बॅक (बचावाच्या मधोमध खेळणारे) त्यामुळे एकदम कामाचे झालेत.

सुरुवातीला एवढं सांभाळ:
- स्वस्त म्हणजे बेंचवर बसणारा नव्हे. दर सामन्यात पूर्ण 90 मिनिटं खेळतो का, हे आधी.
- एका सामन्यातल्या दोन गोलवर भाळून बदली (टीममधला खेळाडू काढून दुसरा घेणं) नको. फुकट मिळणाऱ्या बदल्यांपलीकडची प्रत्येक बदली 4 गुण खाते.
- टीम लावायची डेडलाइन त्या फेरीच्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी. ऑगस्टमध्ये शनिवारचा पहिला सामना आपल्याकडे संध्याकाळी 5 ला असेल, तर टीम दुपारी साडेतीनच्या आत लाव.

चिप्सचं, म्हणजे मोजक्या वेळा वापरता येणाऱ्या खास सवलतींचं, नंतर बघू. आधी बचावफळी निवड आणि मला दाखव.