झोनिंग बोर्ड व्हेरियन्स कशावर देतं?

घराच्या वाढीव बांधकामाबद्दल न्यू जर्सीतल्या वाचकांचे बरेच प्रश्न साठले होते. त्यांतले चार इथे घेतले आहेत. झोनिंग म्हणजे कुठल्या भागात काय आणि किती बांधता येईल याचे गावाचे नियम, आणि व्हेरियन्स म्हणजे त्या नियमांतून गावाच्या झोनिंग बोर्डाने दिलेली सूट. उत्तरं न्यू जर्सीच्या १९७५ सालच्या म्युनिसिपल लँड यूज लॉ या कायद्याला धरून आहेत. इतर राज्यांत कसोट्या आणि मुदती वेगळ्या असतात, त्यामुळे पेनसिल्व्हेनिया किंवा न्यू यॉर्कच्या वाचकांनी ही उत्तरं जशीच्या तशी लावू नयेत.

प्रश्न : आई-बाबा कायमचे आमच्याकडे राहायला येत आहेत. आईला व्हीलचेअर लागते, म्हणून मागच्या बाजूला १४ बाय २० फुटांची खोली काढायची आहे. मागचा सेटबॅक (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) आणि लॉट कव्हरेज (लॉटचा किती भाग बांधकामाने व्यापता येतो ते) बसत नाही, असं सांगून झोनिंग ऑफिसरने अर्ज नाकारला. लॉट ७५ बाय १०० फूट, घराचा पाया १,२९० चौरस फूट. आईची अडचण बोर्डाला सांगितली तर काम होईल ना?

उत्तर : फक्त तेवढ्यावर होणार नाही, आणि नेमकी इथेच बहुतेकांची तयारी कमी पडते. बोर्ड जमिनीची अडचण बघतं, माणसांची नाही. आज तुमच्या आई तिथे राहणार आहेत, उद्या घर विकलंत की दुसरं कोणी राहील, पण व्हेरियन्स जमिनीबरोबर पुढे जातो. म्हणून ‘हार्डशिप’च्या (अडचणीच्या), म्हणजे कायद्यातल्या सी-१ प्रकारच्या व्हेरियन्समध्ये कायदा विचारतो ते एवढंच : लॉट फार अरुंद आहे का, उथळ आहे का, वेडावाकडा आहे का, चढउतार आहे का, किंवा त्यावर आधीपासून कायदेशीर उभं असलेलं बांधकाम आड येतंय का?

आधी आकडे मांडू. तुमच्या पत्रात झोनची मर्यादा २० टक्के कव्हरेज आणि मागे २५ फूट अशी दिली आहे. ७,५०० चौरस फुटांचे २० टक्के म्हणजे १,५००. खोलीचे २८० धरून तुम्ही १,५७० वर जाता, म्हणजे ७० चौरस फूट जास्त. मागे आत्ता ३६ फूट मोकळे आहेत, त्यातून १४ गेले की उरतात २२, म्हणजे ३ फूट कमी. आता बोर्डाच्या खुर्चीत बसून बघा. खोली ११ बाय १९ केली तर २०९ चौरस फूट होतात, एकूण १,४९९, आणि मागे बरोबर २५ फूट उरतात. व्हेरियन्सची गरजच नाही! पहिला प्रश्न हाच येणार, आणि ‘आम्हाला मोठी हवी’ हे त्याचं उत्तर होत नाही.

उत्तर असं हवं : घर लॉटवर असं बसलंय की डाव्या-उजव्या बाजूला वाढायला जागा नाही (तसं खरंच असेल तर), वरचा मजला चढून जाणं हा पर्याय नाही, बाथरूममध्ये व्हीलचेअर वळायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं आणि ११ फुटांच्या खोलीत बिछाना, दार आणि ते बाथरूम एकत्र बसत नाही. हे आर्किटेक्टच्या नकाशावर मोजमापांसह दाखवा. म्हणजे आईंची गरज तळमजल्यावर पायऱ्यांशिवाय वापरता येणाऱ्या खोलीची गरज म्हणून समोर येते. सोबत सी-२चा मार्गही मांडा. त्यात अडचण दाखवावी लागत नाही. कायद्याचं एखादं उद्दिष्ट पुढे जातं आणि फायदा तोट्यापेक्षा ठळकपणे जास्त आहे, एवढं पटवावं लागतं. मात्र तो फायदा निव्वळ मालकाचा असून चालत नाही; न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाच्या १९८८च्या कॉफमन निकालापासून हे पक्कं आहे.

दोन्ही मार्गांना एक सामाईक अट आहे, तिला ‘निगेटिव्ह क्रायटेरिया’ म्हणतात. व्हेरियन्स दिल्याने सार्वजनिक हिताला मोठा धक्का बसत नाही आणि झोनिंगच्या आराखड्याला तडा जात नाही, हे तुम्हीच सिद्ध करायचं असतं. पावसाचं पाणी कुठे जाईल, मागच्या शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काय येईल, कोणतं झाड तुटेल, हे सगळं इथे येतं. छपराच्या पन्हाळीचा पाइप शेजाऱ्याच्या हद्दीकडे तोंड करून दाखवलेला नकाशा घेऊन जाऊ नका. साधी गोष्ट आहे, पण बऱ्याच फाइली याच मुद्द्यावर पुढच्या तारखेला ढकलल्या जातात.

आणखी एक तपासा : तुमच्या गावात फ्लोअर एरिया रेशोची (सगळ्या मजल्यांचं क्षेत्रफळ आणि लॉट यांच्या प्रमाणाची) मर्यादा आहे का? असेल आणि ती थोडीशीही ओलांडली, तर प्रकरण सी मधून डी मध्ये, म्हणजे जास्त कडक प्रकारात जातं. तो फरक खाली तिसऱ्या उत्तरात आहे.

प्रश्न : शेजाऱ्याचं गॅरेज हद्दीपासून दोन फुटांवर आहे, मग आम्हाला का नाही? शिवाय गल्लीतल्या सगळ्यांनी आमच्या बाजूने सह्या दिल्या आहेत.

उत्तर : शेजाऱ्याचं गॅरेज बहुधा नियम येण्याआधीचं असेल किंवा त्याला व्हेरियन्स मिळालेला असेल. प्रत्येक अर्ज स्वतंत्र, त्यामुळे ‘त्याला दिला, मला द्या’ हा युक्तिवाद चालत नाही. पण तीच माहिती दुसऱ्या रूपात उपयोगी पडते. टॅक्स मॅपवर गल्लीतली हद्दीला खेटून असलेली गॅरेजं रंगवून दाखवलीत, तर ‘परिसराचं स्वरूप बिघडत नाही’ या मुद्द्याला पुरावा होतो.

सह्यांच्या कागदाला फारसं वजन नसतं, कारण कागदाची उलटतपासणी करता येत नाही. दोन शेजारी हिअरिंगला (बोर्डासमोरच्या सुनावणीला) येऊन शपथेवर बोलले तर ते शंभर सह्यांपेक्षा भारी. आणि बोर्डाच्या सदस्याला फोन करणं, घरी चहाला बोलावणं हे अजिबात करू नका. हिअरिंगबाहेर प्रकरणाबद्दल बोलणं झालं, तर त्या सदस्याला बाजूला व्हावं लागू शकतं, म्हणजे तुमचंच एक मत गेलं.

शेजाऱ्यांच्या बाबतीत खरं जपायचं ते नोटिशीला. लॉटच्या हद्दीपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना, हिअरिंगच्या किमान १० दिवस आधी, हातोहात किंवा सर्टिफाइड मेलने नोटीस गेलीच पाहिजे, आणि कायद्याने ठरवलेल्या ठिकाणी जाहीर सूचना म्हणूनही प्रसिद्ध झाली पाहिजे. यादी स्वतः बनवू नका, गावाकडून प्रमाणित यादी मागा. ती सात दिवसांत द्यावी लागते आणि फी जेमतेम १० डॉलर किंवा नावामागे २५ सेंट, जे जास्त असेल ते. लॉटपासून २०० फुटांच्या आत दुसरं गाव लागत असेल तर त्या गावाच्या क्लार्कला, रस्ता काउंटीचा असेल तर काउंटी प्लॅनिंग बोर्डालाही नोटीस लागते. सर्टिफाइड मेल टपालात पडली की नोटीस पूर्ण मानली जाते. पोचपावतीची हिरवी कार्डं परत यायची वाट बघत बसायला नको. मात्र पोस्टाच्या पावत्या आणि प्रतिज्ञापत्र फाइलला लावा. नोटिशीत नुसतं ‘खोली वाढवणे’ लिहून सेटबॅकचा व्हेरियन्स लिहायचा राहिला, तर बोर्डाला ऐकण्याचा अधिकारच उरत नाही आणि सगळं पहिल्यापासून.

प्रश्न : घराच्या तळघरात नृत्याचा क्लास सुरू करायचा आहे, साधारण १५ मुली. झोन फक्त निवासी आहे. हाही व्हेरियन्सच ना?

उत्तर : हो, पण हा फार वरच्या पायरीचा, डी व्हेरियन्स. आधी गावाच्या ऑर्डिनन्समध्ये (नियमावलीत) घरगुती व्यवसायाचे नियम वाचा. विद्यार्थ्यांची संख्या कमी करून त्यांत बसत असाल तर बोर्डापर्यंत जाऊच नका.

नाहीतर हे लक्षात घ्या. सी व्हेरियन्सला हजर सदस्यांचं साधं बहुमत पुरतं. डी ला बोर्डाची पाच मतं लागतात, कितीही जण हजर असले तरी. बोर्ड सात जणांचं असतं आणि बदली सदस्य असतात. पण सुट्टीच्या दिवसांत पाचच जण आले, तर एकाचा नकार पुरेसा होतो. अशा वेळी हिअरिंग सुरू होण्याआधी पुढची तारीख मागा. ती सहसा मिळते आणि त्यात कमीपणा काही नाही.

शाळा, रुग्णालय, पाळणाघर यांना कायदा मुळातच समाजोपयोगी मानतो. नृत्याचा क्लास त्यांत येत नाही. त्यामुळे १९८७च्या मेडिची निकालाप्रमाणे तुम्हाला दाखवावं लागेल, की गावाने हा वापर या झोनमध्ये मुद्दाम वगळला असूनही तो इथे का चालावा. त्याला व्यावसायिक प्लॅनरची (नगररचना तज्ज्ञाची) साक्ष लागते. तिच्याशिवाय डी चा अर्ज नेणं म्हणजे पैसे पाण्यात. खरी लढाई पार्किंगवर होते : एक बॅच सुटताना दुसरी येते, त्या दहा मिनिटांत गल्लीत किती गाड्या उभ्या राहतील? दोन बॅचमध्ये अर्धा तास मोकळा ठेवतो, रात्री आठनंतर क्लास नाही, अशा अटी स्वतःहून द्या. बोर्ड त्या रेझोल्यूशनमध्ये (लेखी ठरावात) लिहून घेईल.

घर एलएलसी कंपनीच्या नावावर असेल, तर हिअरिंगला वकील लागतो. स्वतःच्या नावावर असेल तर तुम्ही स्वतः उभे राहू शकता. खर्चात अर्जाच्या फीबरोबर एस्क्रो, म्हणजे आगाऊ ठेव, धरा. बोर्डाचा इंजिनिअर आणि वकील तुमच्या फाइलवर जेवढा वेळ घालवतात, त्याचं बिल त्यातून जातं.

प्रश्न : तळघराच्या जिन्यावर डोक्याची उंची कोडप्रमाणे कमी पडते. झोनिंग बोर्डाकडे अर्ज करू का?

उत्तर : नाही. बिल्डिंग कोड राज्याचा आहे, झोनिंग बोर्डाला त्यात सूट देता येत नाही. ‘व्हेरिएशन’चा लेखी अर्ज गावाच्या कन्स्ट्रक्शन ऑफिशियलकडे करा. नियम जसाच्या तसा पाळणं व्यवहारात का अवघड आहे, आणि त्याऐवजी सुरक्षेसाठी काय करता, हे दोन्ही लिहा. दुसरा भाग लिहिला नाही तर अर्ज तिथेच संपतो. नकार आला तर १५ दिवसांत कन्स्ट्रक्शन बोर्ड ऑफ अपील्सकडे जायचं. झोनिंग ऑफिसरचा निर्णयच चुकीचा वाटत असेल, तर त्यासाठी २० दिवसांत झोनिंग बोर्डाकडे. या दोन मुदती एकमेकींत मिसळू नका.

झोनिंगच्या अर्जांबद्दल एक जोड : बोर्डाने मत दिलं म्हणजे काम संपलं नाही. ४५ दिवसांत लेखी रेझोल्यूशन मंजूर होतं, मग निर्णयाची जाहिरात प्रसिद्ध केली जाते, आणि त्या तारखेपासून ४५ दिवस कोणाही शेजाऱ्याला सुपिरिअर कोर्टात जाता येतं. जाहिरात गावाने दिली नाही तर तुम्ही स्वतः द्या. जाहिरात लांबली तर ही मुदतही लांबते. तोपर्यंत काँक्रीट ओतलंत तर ते तुमच्या जोखमीवर.