रत्नागिरीतल्या आमच्या पतसंस्थेला आलेल्या फिशिंग मेलची माहिती चिपळूण-कणकवलीच्या संस्थांना कशी द्यावी?

मेल फॉरवर्ड करू नका. मूळ हेडर (मेल कुठून, कसा आला याची नोंद) पुसले जातात, आणि पलीकडे कुणीतरी लिंक उघडतोच. मूळ मेल ईएमएल फाइल (हेडरसकट अख्खा मेल) म्हणून जपा. पाठवायचं ते एवढंच: पाठवणाऱ्याचं डोमेन, लिंक (प्रत्येक डॉटला चौकटी कंस घाला, म्हणजे क्लिक होणार नाही), अटॅचमेंटचा एसएचए-२५६ हॅश (फाइल ओळखायचा, तिच्यातूनच काढलेला कोड), पहिल्यांदा दिसल्याची तारीख-वेळ. खातेदारांची नावं, खाते क्रमांक काढून टाका.

नुसता आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) देण्यात अर्थ नाही. क्लाउडफ्लेअरचा (अनेक साइट एकाच आयपीमागे चालवणाऱ्या कंपनीचा) आयपी कुणी ब्लॉक केला, तर त्यामागच्या भलत्याच साइटही बंद पडतात.

वर ‘टीएलपी ग्रीन’ (माहिती कुणाला पुढे देता येते ते सांगणारी खूण) लिहा: इतर पतसंस्थांना पुढे देता येतं, जाहीर करता येत नाही. कुणी फसलं असेल, तर आधी सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला) कळवा. लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहे.