वाचक विचारतात : नार्नियाची दारं

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलीसाठी नार्नियाचा सात पुस्तकांचा संच आणला आहे. त्यात १ हा आकडा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर छापलाय. ग्रंथालयातल्या बाई मात्र कपाटाच्या गोष्टीपासून सुरुवात करा म्हणतात. कुणाचं ऐकू?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : बाईंचं. नार्निया या काल्पनिक जगाच्या गोष्टी सांगणारी सी. एस. लुईस यांची ही पुस्तकं १९५० ते १९५६ या काळात दरवर्षी एक अशी आली. कपाटाची गोष्ट, म्हणजे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’, त्यातली पहिली. तुमच्या संचावरचे आकडे नार्नियातल्या घटनांच्या कालक्रमाने दिलेले आहेत. तो क्रम निराधार नाही. १९५७ साली एका अमेरिकन मुलाला लिहिलेल्या पत्रात खुद्द लुईस यांनी त्याच्याकडे कल दाखवला होता. मात्र कुठल्याही क्रमाने वाचलं तरी कदाचित फारसं बिघडत नाही, असंही त्याच पत्रात आहे.

पहिल्या वाचनात बिघडतं, असं आमचं ठाम मत आहे. लूसी कपाटातल्या कोटांमधून हात पुढे करत जाते, पायाखाली बर्फ लागतो आणि ऐन जंगलात रस्त्यावरचा दिव्याचा खांब उभा दिसतो. तो तिथे आला कसा आणि नेमकं हेच कपाट का उघडलं, ही कोडी पाच पुस्तकं मुलीच्या मनात घोळू द्या. ‘नेफ्यू’त दोन्हींची उत्तरं आहेत, आणि वाट पाहिलेल्या वाचकालाच ती गोड लागतात. शिवाय अस्लान या सिंहाचं नाव पहिल्यांदा येतं तिथे निवेदक म्हणतो, की हा कोण हे तुमच्यासारखंच त्या मुलांनाही ठाऊक नव्हतं. ‘नेफ्यू’ वाचून आलेल्या मुलीला हे वाक्य खोटं वाटेल.

पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवा : लायन, प्रिन्स कॅस्पियन, डॉन ट्रेडर, सिल्व्हर चेअर, हॉर्स अँड हिज बॉय, नेफ्यू, लास्ट बॅटल. पहिल्यात १७ प्रकरणं आहेत. रोज रात्री एक मोठ्याने वाचलं तर अडीच आठवड्यांत होतं. ‘हॉर्स’पाशी काही मुलं रेंगाळतात, कारण आपल्या जगातून तिकडे जाणारं दारच त्यात नाही. अशा वेळी ‘सिल्व्हर चेअर’मधली मेजवानी पुन्हा काढून दाखवा. तिथे एक आंधळा कवी हीच गोष्ट सांगतो.

प्रश्न : ‘नेफ्यू’त पिवळ्या अंगठीने दुसऱ्या जगात जायचं, हिरवीने परत यायचं, असं अँड्र्यूमामा सांगतात. मग त्यांचा भाचा डिगरी आणि त्याची मैत्रीण पॉली तसं का करत नाहीत?
– इयत्ता सहावीतला वाचक, ठाणे

उत्तर : कारण मामाचं चुकलेलं आहे. त्याने अंगठ्या केल्या, पण स्वतः कधी गेला नाही. दोन्ही अंगठ्या ज्या धुळीपासून झाल्या, ती जगांच्या मधल्या वनातली. पिवळीचा ओढा त्या वनाकडे, हिरवीचा त्या वनातून बाहेर. म्हणून तू कुठल्याही जगात असलास तरी पिवळीला हात लावला की वनात पोचशील. वनातून निघायचं तर हिरवी घालून तळ्यात उडी मारायची. ज्या जगाचं तळं, ते जग. पिवळी घालून उडी मारली तर नुसते पाय भिजतात, मुलांचं पहिल्यांदा तेच होतं.

आणखी दोन गोष्टी नीट बघ. सगळी तळी सारखीच दिसतात, म्हणून निघण्याआधी घरच्या तळ्याशेजारची हिरवळ कापून खूण करावी लागते. ती करायची राहिली असती तर परतीची वाट कायमची गेली असती. दुसरं, अंगठी घातलेल्याला जो धरून असेल तोही सोबत ओढला जातो. चेटकीण अशीच पॉलीचे केस धरून आली.

प्रश्न : इथला एक तास म्हणजे तिथले किती? सूत्र आहे का?
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : नाही, मांडू नका. लूसी आणि तिची तीन भावंडं तिथे राज्य करून मोठी होतात आणि परततात तेव्हा इथे क्षणही गेलेला नसतो. पुढच्या एका वर्षात तिथे १३०० वर्षं उलटतात, त्यापुढच्या वर्षात फक्त तीन. परत जाणाऱ्याला कोण भेटेल आणि कोण गेलेलं असेल, याचा अंदाज कधीच बांधता येत नाही. गोष्टीचा सारा जीव त्यातच आहे.

प्रश्न : गोष्ट वाचल्यापासून जुळी मुलं कपाटात शिरून बसतात. काय करावं?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजच थांबवा. लोखंडी कपाटाचा खटका बाहेरून फिरतो, आतून उघडता येत नाही, आणि बंद कपाटात हवा फार वेळ पुरत नाही. किल्ल्या काढून वर ठेवा. समजावताना पुस्तकाचाच आधार घ्या. आत शिरून दार लावून घेणं हा शुद्ध मूर्खपणा, हे लुईस पुन्हा पुन्हा बजावतात. लूसी दार उघडं ठेवते, तिचा भाऊ एडमंड लावून घेतो. खेळायचंच असेल तर दोन खुर्च्यांवर जुनी चादर टाकून दार करून द्या.