वाचकांचे प्रश्न : अजिंठ्याच्या भिंतीवरचे हत्ती, माकडं आणि एक सिंहीण

प्रश्न : ताई, नुकतंच फॅमिलीसोबत अजिंठ्याला जाऊन आलो. हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं ते प्रसिद्ध चित्र, पद्मपाणी, बघितलं, डोळ्यांचं पारणं फिटलं. पण सतरा नंबरच्या लेणीत शिरलो तर भिंतभर हत्ती, माकडं, हरणं, शिकारी कुत्री, घोड्यावरचा राजा. ही तर भिक्खूंची राहायची, ध्यानाची जागा ना, मग एवढं जंगल तिथं कशाला? सोबतचे एकजण म्हणाले पैसा राजांचा होता म्हणून राजांची शिकारीची हौस रंगवलीय. खरंय का हे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पैसा राजाचा होता हे खरंय, हौसेचं मात्र मला अजिबात पटत नाही. सतरा नंबरची लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, म्हणजे पाचव्या शतकातली, आणि त्याच्या एका मांडलिक राजाने ती दान दिलीय, व्हरांड्यातच त्याचा शिलालेख आहे. धाकटा भाऊ गेल्याचं दुःख त्या लेखात आहे. अशा माणसाने दिलेल्या विहारात भिंतीवर काय आलं, तर जातककथा. बुद्ध होण्याआधी बोधिसत्त्वाने जे जन्म घेतले त्यांच्या या गोष्टी, पाली संग्रहात अशा ५४७ आहेत, आणि त्यात तो कधी राजा असतो, कधी व्यापारी, आणि कितीतरी वेळा हत्ती, वानर, हरीण, हंस, रेडा, अगदी मासासुद्धा. म्हणजे तुम्ही ज्याला जंगल म्हणताय त्या जंगलातलं मुख्य जनावर बहुतेक वेळा स्वतः बोधिसत्त्वच आहे. भिंतीवरचा शिकारी हा त्या गोष्टीतला चुकणारा माणूस.

षड्दंत हत्तीची गोष्टच घ्या. सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा, त्याच्या दोन राण्या, त्यातल्या एकीला वाटतं की कमळ दुसरीला दिलं, मला नाही. त्या रागात ती मरते, पुढच्या जन्मी बनारसची राणी होते आणि त्याच हत्तीचे सुळे आणायला शिकारी पाठवते. शिकारी बाण मारतो. आणि हत्ती काय करतो, तर हे कुणी आणि का करायला लावलंय ते समजल्यावर त्या माणसाला काही करत नाही, उलट सुळे कापायला स्वतः मदत करतो. सुळे राजवाड्यात पोचतात, राणी ते बघते आणि तिला ते सहन होत नाही, तिचाही जीव जातो. ही गोष्ट सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर दगडात कोरलेली आहे, अजिंठ्याला ती रंगात आहे, तीही दोनदा. एकदा दहा नंबरच्या जुन्या चैत्यगृहात, म्हणजे प्रार्थनेच्या लेणीत, जे इसवीसनाच्या आधीचं आहे, आणि मग पाच-सहाशे वर्षांनी पुन्हा सतरा नंबरमध्ये. इतक्या पिढ्यांनंतरही त्याच डोंगरात लोकांना तीच गोष्ट भिंतीवर हवीशी वाटली, यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आलं असं मला वाटतं.

सतरा नंबरमध्ये महाकपीची गोष्ट आहे तीही परत गेलात तर नीट बघा. गंगेकाठचं आंब्याचं झाड, त्यावर वानरांची टोळी, खाली राजाचे तिरंदाज. टोळीचा राजा आपलं अंगच पुलासारखं ताणून धरतो आणि सगळी वानरं त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात. खाली नदीत मासे पोहताना दाखवलेत. आणि मग बनारसचा राजा हे बघून इतका हलतो की दमलेल्या वानरराजाला अलगद खाली घ्यायला माणसं कापड ताणून धरतात. ज्यांनी बाण रोखले होते त्यांचाच राजा आता झेलायला कापड धरायला लावतोय! मला तर संपूर्ण अजिंठ्यात ही जागा फार फार आवडते.

आणि हो, सिंहीण. ती बोधिसत्त्व नाही, सुतसोम जातकातली आहे. एक राजा शिकारीला जातो, जंगलात झोपतो, सिंहीण येऊन त्याचे पाय चाटते. पुढे त्यांचं मूल, आणि ती सिंहीण त्या मुलाला घेऊन भर शहरातून राजाकडे येते. तो मुलगा मोठा होऊन माणसं खाणारा राजा होतो आणि शेवटी बोधिसत्त्व सुतसोम त्याला त्या सवयीतून सोडवतो, अशी लांबलचक गोष्ट आहे. पण चित्रकाराने त्या झोपलेल्या माणसापाशी आलेल्या सिंहिणीला जे काही हळुवार काढलंय ना, ते बघून शिकारीची हौस वगैरे डोक्यातूनच जातं.

प्रश्न : मी चित्रकला शिकवते. मला नेहमी पडणारा प्रश्न असा की या चित्रकारांनी प्राणी खरंच बघून काढले असतील का ठरलेल्या साच्यातून? (एक शिक्षिका, भुसावळ)

उत्तर : मॅडम, साचा होताच, परंपरा असली की साचा येतोच, पण हत्ती आणि वानरं बघितली की मला तरी वाटतं की ज्याने ही काढली त्याने जनावर तासन् तास बघितलेलं आहे. सतरा नंबरमध्येच मातृपोषक हत्तीची गोष्ट आहे. आंधळ्या आईला सांभाळणारा हत्ती राजासाठी पकडून आणतात, त्याच्यासमोर खाणं ठेवतात आणि तो तोंड लावत नाही, कारण जंगलात आई उपाशी आहे. राजाला कळतं, तो सोडून देतो. आता इथे चित्रकाराच्या हातात शब्द नाहीत, माणसासारखा चेहरा नाही, तरी हत्ती खात नाहीये हे तुम्हाला लांबूनसुद्धा कळतं, ते सगळं उभं राहण्यात आणि सोंडेत आहे. आणि पुढे तळ्यावर मायलेक भेटतात तेव्हा तीच सोंड बघा, आता ती कुरवाळतेय. तुमच्या मुलांना हीच एक जागा दाखवली तरी हावभाव म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागणार नाही.

रेषेचं पण बघा. आधी लाल-तपकिरी रंगात रेखाटन, मग रंग, मग पुन्हा गडद बाह्यरेषा. हत्तीची पाठ ते कपाळ ते सोंड ही रेषा किती कमी वेळा हात उचलून ओढलीय ते जवळून समजतं. पहिल्या नंबरच्या लेणीत छताला कमळांमधून धावणारा हत्ती आहे, तो तर विद्यार्थ्यांनी कॉपी करायलाच हवा. त्याच लेणीत झुंजणारे बैल आहेत, आणि एका खांबावर चार हरणांना मिळून एकच डोकं कोरलंय, कुठल्याही हरणाकडे बघा, डोकं त्याचंच वाटतं. ते शिल्प आहे, चित्र नाही, पण चुकवू नका.

मटेरियलचं थोडक्यात सांगते कारण तुम्हाला वर्गात लागेल. खडबडीत छिलेल्या दगडावर मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस, गवत आणि झाडपाल्याचे तंतू, वाळू, वर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. म्हणून याला युरोपातल्या ओल्या चुन्यावरच्या फ्रेस्कोच्या पंगतीत बसवू नका, पद्धत वेगळी आहे. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, पांढऱ्याला चुना वगैरे, हे बहुतेक आसपासचंच. निळा मात्र लॅपिस लाझुली नावाच्या दगडाचा, तो अफगाणिस्तानातून यायचा आणि तो उशिराच्या लेण्यांमध्येच दिसतो. बोधिसत्त्वांच्या आसपास, राजवाड्याच्या दृश्यात तो निळा असा काही उठून दिसतो की एवढ्या लांबून आणलेल्या रंगाचा एकेक ठिपका जपून वापरला असणार हे लक्षात येतं.

प्रश्न : पुस्तकातल्या फोटोत चित्रं झळझळीत दिसतात, प्रत्यक्षात काळीकुट्ट. दहा नंबरमध्ये तर मला हत्ती शोधावे लागले. एवढी दुरवस्था कशी झाली? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : याची कारणं एक नाही, बरीच आहेत आणि त्यातली काही वाचून वाईट वाटतं. २८ एप्रिल १८१९ ला मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला वाघूर नदीच्या त्या घळीत आला आणि त्याला दहा नंबरची कमान दिसली. त्याने आत जाऊन खांबावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरली, तीही एका रंगवलेल्या आकृतीवर. आज ती सही आपल्या डोक्याच्या वर दिसते कारण तेव्हा आत एवढा राडारोडा साचला होता की तो त्याच्यावर उभा होता. तेव्हापासून जो आला त्याने काही ना काही केलं.

कॉपी करायला आलेल्यांनी फार मेहनत घेतली हे नाकारता येत नाही. रॉबर्ट गिलने १८४४ पासून जवळजवळ वीस वर्षं तिथं राहून मोठमोठ्या प्रती काढल्या आणि त्या १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी, १८७२ ते १८८५, आणि त्यातल्याही बऱ्याच प्रती लंडनला आगीतच गेल्या. उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. पण प्रत काढताना चित्र स्पष्ट दिसावं म्हणून मूळ भिंतीवर वॉर्निश मारलं गेलं. पुढे १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी सुटलेलं प्लास्टर भिंतीला परत पक्कं केलं, ते काम मोलाचं होतं, पण त्यातही लाखेचा थर चढला. हे थर कालांतराने पिवळे पडले, मग तपकिरी, आणि खाली हिरवा-निळा जो काही होता तो झाकला गेला. त्यात वटवाघळांची घाण, आत राहून गेलेल्या लोकांच्या चुलींचा धूर, पावसाळ्यातली ओल, आणि आता आपल्या श्वासातली वाफ. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे केमिस्ट लोक हे थर अगदी थोडं थोडं करून काढतात, आणि जिथं काढलेत तिथं रंग खरंच खाली जिवंत सापडलेत. दहा नंबरचं म्हणाल तर ती चित्रं दोन हजार वर्षांपूर्वीची, तिथं डोळा अंधाराला सरावेपर्यंत शांत उभं राहायचं, मग झाडाखालच्या हत्तींच्या पाठी एकामागून एक वर येतात.

आणि फ्लॅश मारू नका हो, बंदी आहे आणि बंदी योग्य आहे. मोबाईलवाले सवयीने मारतात आणि गार्ड बिचारा दिवसभर ओरडत असतो.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, प्राण्यांची वेडी आहे पण लेणी म्हटलं की तोंड वाकडं करते. दिवाळीच्या सुट्टीत नेणार आहे. काय आणि कसं दाखवू? (एक आई, पुणे)

उत्तर : सगळ्या लेण्या दाखवायच्या भानगडीत पडू नका, मी तर म्हणेन एक, सतरा, दहा, बास. आणि जायच्या आधी घरी गोष्टी सांगा, अगदी झोपताना. षड्दंत, महाकपी, मातृपोषक हत्ती, आणि त्या रेड्याची पण, ज्याच्या पाठीवर चढून माकड त्याला छळतं आणि तो सहन करतो, मग माकड तेच दुसऱ्या रेड्याबरोबर करायला जातं आणि जिवानिशी जातं. तीही सतरामध्ये आहे. गोष्ट माहीत असली की मूल भिंतीवर ती शोधतं, आणि शोधायला मिळालं की कंटाळत नाही.

एक मात्र तिला आधीच सांगून ठेवा, तिथं चौकटी नाहीत. तोच हत्ती एकाच भिंतीवर तीन-चार वेळा दिसेल, म्हणजे ते वेगवेगळे हत्ती नाहीत, गोष्ट पुढे गेलीय. मध्ये झाड, खडक, दरवाजा, खांब आला की समजायचं सीन बदलला. आणि गोष्ट डावीकडून उजवीकडेच जाईल असं काही नाही, वर जाते, मागे येते, एकाच ठिकाणी जंगल आणि दुसरीकडे राजवाडा असं जागेनुसार मांडलेलं असतं. मुलांना हे मोठ्यांपेक्षा पटकन जमतं. तिला म्हणा सुळे कुठे कुठे दिसतात ते शोध, हत्तीच्या तोंडात, मग शिकाऱ्याकडे, मग राणीसमोर. तेवढ्यात पूर्ण गोष्ट तिची तीच लावेल.

बाकी व्यवहाराचं : सोमवारी लेणी बंद असते. गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून तिथून चार किलोमीटर एसटीची बस. सकाळी उघडल्या उघडल्या पोचा आणि लगेच सतरा गाठा, बाकीचे एक नंबरपासून सुरुवात करतात त्यामुळे तुम्हाला तिथं थोडी मोकळी जागा मिळेल, कारण गर्दी झाली की आत जास्त वेळ थांबू देत नाहीत. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढायच्या, म्हणून काढायला-घालायला सोपं काहीतरी घाला. पाणी भरपूर. स्केचबुक आणि पेन्सिल नक्की द्या तिला, आणि बाहेर नदीच्या बाजूला सावलीत बसवून आठवेल तो हत्ती काढायला लावा, मग परत आत जाऊन दोघी मिळून ताडून बघा की सोंड कुठे वळली होती.