वाचकांचे प्रश्न : नव्या विंडोजनंतर मुके झालेले जॅक

प्रश्न : माझा डेस्कटॉप संगणक २०१९ साली इथल्याच एका दुकानात जुळवून घेतलेला आहे. पैसे वाचावेत म्हणून कॅबिनेट मात्र घरातले जुनेच वापरले होते. नाट्यसंगीताच्या आणि रेडिओवरून टेप केलेल्या मैफलींच्या ७० कॅसेट्स मी डेकमधून, मागच्या निळ्या जॅकमार्गे, संगणकावर उतरवून घेत आहे. विंडोज १०चे अपडेट्स बंद झाले म्हणून गेल्या महिन्यात विंडोज ११ घेतली. तेव्हापासून मागच्या हिरव्या जॅकवर स्पीकर वाजतात, परंतु निळा जॅक यादीतच दिसत नाही आणि कॅबिनेटच्या पुढचे दोन्ही जॅक मुके झाले आहेत. दुरुस्ती करणाऱ्याने ‘साउंडचा भाग गेला आहे, मदरबोर्ड किंवा निदान नवे कार्ड टाका’ असे सांगितले. काय करावे? (एक ज्येष्ठ वाचक, सांगली)

उत्तर : मदरबोर्ड तर बदलू नयेच, कार्डाचेही इतक्यात मनावर घेऊ नये. त्याचे कारण आपल्या पत्रातच आहे : हिरवा जॅक वाजतो आहे. मदरबोर्डवर आवाजाचे काम पाहणारी कोडेक नावाची एकच चिप असते, आणि मागचे सगळे जॅक व पुढचे दोन त्याच चिपच्या निरनिराळ्या पायांना जोडलेले असतात. चिप जळाली असती तर बहुधा हिरवा जॅकही तिच्याबरोबर गेला असता. शिवाय मागचा एक आणि पुढचे दोन, असे एकमेकांपासून लांब असलेले तीन जॅक नेमके विंडोज बदलल्याच्या दिवशी तुटावेत, हा योगायोग मानायला मी तयार नाही. हरवला आहे तो जॅक नव्हे, कोणता जॅक कशासाठी आहे हे सांगणारा नकाशा.

हा नकाशा दोन ठिकाणी असतो. इंटेलने २००४ साली आणलेल्या आणि त्याआधीच्या एसी ९७ पद्धतीची जागा घेतलेल्या हाय डेफिनिशन ऑडिओ पद्धतीत चिपच्या जॅकसाठीच्या प्रत्येक पायाची ३२ बिटांची एक नोंद ठेवलेली असते. या पायाला खरोखर जॅक जोडला आहे का, तो मागे आहे की पुढे, आवाज बाहेर सोडणारा आहे की आत घेणारा, आणि त्याचा रंग कोणता, एवढे सगळे त्या नोंदीत असते. संगणक सुरू होताना मदरबोर्डचा बायोस, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला प्राथमिक प्रोग्राम, या नोंदी भरतो आणि विंडोजमधला ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, त्या वाचून आपली यादी तयार करतो. मात्र मदरबोर्ड बनवणारे केवळ बायोसवर भागवत नाहीत. कोणत्या जॅकला गरजेप्रमाणे दुसरे काम देता येईल, पुढचे जॅक कसे ओळखायचे, अशा बाबी ते आपल्या ड्रायव्हरमध्ये घालतात, आणि आपण पूर्वी केव्हातरी केलेल्या निवडीही तिथेच साठवलेल्या असतात. विंडोजची आवृत्ती बदलताना पुष्कळदा हा ड्रायव्हर बाजूला पडून त्याच्या जागी विंडोजबरोबर येणारा सर्वसाधारण ड्रायव्हर बसतो. तो हिरवा जॅक वाजवतो, पण बाकीच्या खाणाखुणा त्याला ठाऊक नसतात.

आपल्याकडे हेच झाले आहे का, हे दोन मिनिटांत कळते. स्टार्टच्या चिन्हावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा आणि ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ या शीर्षकाखाली काय लिहिले आहे ते वाचावे. तिथे चिपच्या कंपनीचे नाव, बहुतेक मदरबोर्डांवर ते रिअलटेक असते, न दिसता नुसते ‘हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस’ असे दिसले, तर सर्वसाधारण ड्रायव्हर बसला आहे असे समजावे. त्याच यादीत ग्राफिक्सच्या कंपनीचे नाव असलेली एखादी ओळ असेल, तर ती एचडीएमआयमधून मॉनिटरकडे जाणाऱ्या आवाजाची आहे; तिला हात लावण्याचे कारण नाही.

काही काढून टाकण्याआधी मदरबोर्डच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा विंडोज ११साठीचा ऑडिओ ड्रायव्हर उतरवून ठेवावा. मॉडेलचा क्रमांक मदरबोर्डवरच छापलेला असतो. दुकानदार ज्या ‘ड्रायव्हर पॅक’मधून सर्वांना एकच गोळी देतात त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण आपल्याला हवा असलेला नकाशा त्या विशिष्ट मदरबोर्डाचा आहे, चिप तीच असली तरी दुसऱ्या मदरबोर्डावर तिचे पाय वेगळ्या जॅकना जोडलेले असू शकतात. मग डिव्हाइस मॅनेजरमधल्या त्या ओळीवर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे, ड्रायव्हरही काढून टाकण्याची खूण करण्याची सोय दिसल्यास ती करावी, संगणक रीस्टार्ट करावा आणि उतरवलेला ड्रायव्हर बसवावा. त्यानंतर एकदा संगणक पूर्ण बंद करून भिंतीवरचे बटणही मिनिटभर बंद ठेवावे. विंडोजमधले नेहमीचे ‘शट डाउन’ फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवटच बंद करते. खरे कोरे सुरू होणे ‘रीस्टार्ट’मध्ये घडते, हे नावांवरून कोणाच्याही लक्षात येणार नाही.

जुन्या ड्रायव्हरबरोबर कंट्रोल पॅनलमध्ये येणारी, जॅकची रंगीत चित्रे दाखवणारी खिडकी आता शोधू नये. नव्या धाटणीच्या ड्रायव्हरबरोबर तिच्याऐवजी ‘रिअलटेक ऑडिओ कन्सोल’ नावाचे वेगळे ॲप असते आणि ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून येते. ते उघडताच आरपीसी सर्व्हिसशी जोडता येत नाही असा संदेश आला, तर ॲप नव्या धाटणीचे आणि ड्रायव्हर जुन्या धाटणीचा, अशी ती विजोड जोडी आहे एवढाच त्याचा अर्थ.

आता पुढच्या जॅकविषयी. पत्रात आपण जुन्या कॅबिनेटचा उल्लेख सहज केला आहे, पण माझ्या मते अर्धे उत्तर तिथेच आहे. हाय डेफिनिशन पद्धतीत प्रत्येक जॅकच्या आत एक बारीक स्विच असतो आणि त्याला ५.१, १०, २० किंवा ३९.२ किलोओहम यांपैकी एक रोधक जोडलेला असतो. पिन आत गेली की चिप एकाच तारेवरचा एकूण रोध मोजून चारपैकी कोणत्या जॅकमध्ये काय घातले ते ओळखते. एसी ९७च्या काळातल्या कॅबिनेटमध्ये पुढच्या जॅकना ही ओळख पटवणारी जोडणी नसते. मदरबोर्डवर ज्या नऊ पिनांच्या जागी पुढच्या जॅकची वायर बसते ती जागा दोन्हींसाठी दिसायला सारखीच असल्याने वायर बसते, मात्र पिन घातल्याचे चिपला कधीच कळत नाही. म्हणून जुन्या ड्रायव्हरमध्ये ‘पुढच्या जॅकची ओळख बंद ठेवा’ अशी एक खूण करायची सोय असे. २०१९ साली संगणक जुळवणाऱ्याने ती खूण केली असणार, सहा वर्षे पुढचे जॅक विनातक्रार वाजले असणार, आणि विंडोज बदलली त्या दिवशी ती खूण पुसली गेली असणार. नव्या कन्सोलमध्ये जॅकच्या सेटिंग्जखाली ही सोय सापडली तर ठीकच. न सापडल्यास बायोसमध्ये शिरून ‘फ्रंट पॅनल’च्या प्रकारासमोर एचडीऐवजी (म्हणजे हाय डेफिनिशनऐवजी) एसी ९७ निवडता येते का ते पाहावे, कारण बऱ्याच मदरबोर्डांवर ती निवड दिलेली असते. खुद्द वायरीला दोन तोंडे असून एकावर एचडी ऑडिओ आणि दुसऱ्यावर एसी ९७ असे छापलेले असेल, तर कॅबिनेट उघडून एचडीचे तोंड जोडावे आणि बायोसला हात लावू नये.

निळ्या जॅकचा शोध घेताना डेक जोडून चालू ठेवावा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘साउंड’ आणि सर्वांत खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ असे गेल्यावर जुनी खिडकी उघडते. तिच्यातल्या ‘रेकॉर्डिंग’ पानाच्या रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करून बंद केलेली आणि न जोडलेली अशी दोन्ही प्रकारची साधने दाखवण्याच्या ओळींवर खूण करावी. ‘लाइन इन’ (म्हणजे आपला निळा जॅक) फिकट अक्षरांत दिसले तर त्यावर उजवी क्लिक करून ‘एनेबल’ करावे. ते दिसूनही रेकॉर्डिंगमध्ये नुसती सपाट रेघ येत असेल, तर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मधली मायक्रोफोनची परवानगी तपासावी, विशेषतः डेस्कटॉप ॲप्सना परवानगी देणारे बटण. डेक म्हणजे काही मायक्रोफोन नव्हे, पण विंडोजच्या लेखी आत येणारा प्रत्येक आवाज याच फाटकातून जातो.

तोवर काम अडू नये म्हणून डेकची वायर गुलाबी जॅकमध्ये घालण्याचा मोह होईल, तो टाळावा. गुलाबी जॅक मायक्रोफोनच्या काही मिलिव्होल्टसाठी असतो, तर डेकमधून येणारा संकेत त्याच्या कितीतरी पट मोठा असल्याने आवाज फाटतो. यूएसबीमध्ये बसणारे काडीएवढे स्वस्त साउंड कार्डही याच कारणाने आपल्या उपयोगाचे नाही : त्यावर हेडफोन आणि मायक्रोफोन असे दोनच जॅक असतात, लाइन इन नसतो, आणि मायक्रोफोनचा जॅक बहुधा मोनो असतो. बाहेरचे महागडे साधन घेतले म्हणजे अपडेटच्या तावडीतून सुटका होते, असेही नाही. जानेवारी २०२५मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर यूएसबी १.० ऑडिओ ड्रायव्हरवर चालणारे काही डॅक, म्हणजे संगणकाच्या बाहेर जोडायची आवाजाची साधने, ‘कोड १०’ ही चूक दाखवून बंद पडले होते.

निळा जॅक बोलू लागल्यावर लगेच कॅसेट लावू नये. त्याच ‘लाइन इन’च्या सेटिंग्जमध्ये फॉरमॅट दोन चॅनेलचा (स्टिरिओ) असल्याची खात्री करावी आणि ऑडिओ एन्हान्समेंट्स पूर्ण बंद कराव्यात. नव्या ड्रायव्हरबरोबर आवाजातली खरखर काढणारी सोय आपोआप चालू झालेली असू शकते. ती बोलण्यासाठी बनवलेली आहे. जे सतत एकसारखे ऐकू येते त्याला ती गोंगाट समजते, आणि मैफलीत सतत एकसारखा असतो तो तानपुरा. गाणारा तेवढा राहिला आणि मागचा षड्ज विरून गेला, अशी रेकॉर्डिंग्ज मी ऐकली आहेत.

एवढे करूनही जॅक गप्प राहिले, तर पेनड्राइव्हवर उबुंटू ही विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा आणि काहीही इन्स्टॉल न करता केवळ चालवून पाहावा. तिथे निळा जॅक चालला तर दोष विंडोजच्या बाजूचा ठरतो. तिथेही तो मुका राहिला, तर मात्र दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. विंडोज १०वर परत जाण्याची सोय साधारणपणे १० दिवसच उपलब्ध असते, म्हणून आपल्यासाठी ती आता संपली आहे. आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबलेला असल्याने तिकडे जावे असे मी सुचवलेही नसते.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज ११ आल्यापासून एकाच पिनेच्या हेडसेटमध्ये ऐकू येते, पण मीटिंगमध्ये माझा आवाज कोणालाच जात नाही. मोबाइलला तोच हेडसेट नीट चालतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : पिनेवर तीन कड्या असतील तर हेडसेट चार जोडण्यांचा आहे आणि लॅपटॉपवरचा जॅक दोन्ही कामांचा आहे, असे धरून चालतो. पूर्वी पिन घालताच ‘आपण कोणते साधन जोडले’ असे विचारणारी चौकट येत असे, आठवते का? तिथे आपण ‘हेडसेट’ निवडत होता. ड्रायव्हर बदलल्यावर ती चौकट येईनाशी झाली आणि जॅक त्याला साधा हेडफोन समजू लागला. लॅपटॉपच्या कंपनीचा विंडोज ११साठीचा ड्रायव्हर बसवून ऑडिओ कन्सोलमध्ये त्या जॅकसमोर ‘हेडसेट’ निवडावे. त्यानंतर मीटिंगच्या ॲपमध्येही मायक्रोफोन पुन्हा निवडावा लागतो. पुष्कळ ॲप्स जुन्या नावाला चिकटून बसतात. हाच हेडसेट डेस्कटॉपच्या हिरव्या जॅकमध्ये घातल्यास मात्र मायक्रोफोन कधीच चालणार नाही. तिथे एका पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर लागतो.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात उबुंटू आहे. २२.०४वरून २४.०४वर गेल्यानंतर काही संगणकांच्या मागच्या जॅकमधून आवाज येत नाही. पुढच्या जॅकमधला हेडफोन काढला की कधी येतो, कधी येत नाही. (एक शिक्षिका, कोल्हापूर)

उत्तर : या दोन आवृत्त्यांमध्ये आवाजाची वाटणी करणारी यंत्रणा बदलली आहे. २२.१०पासून उबुंटूने आवाजासाठी पल्सऑडिओऐवजी पाइपवायर वापरायला सुरुवात केली, त्यामुळे जुन्या निवडी नव्या यंत्रणेने जशाच्या तशा उचलल्या असतील याची खात्री धरता येत नाही. प्रथम सेटिंग्जमधल्या ‘साउंड’मध्ये ‘आउटपुट डिव्हाइस’ म्हणून लाइन आउट (मागचा जॅक) निवडून पाहावे. तेवढ्याने न भागल्यास टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर, म्हणजे आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम, उघडून एफ६ दाबावे व खरे साउंड कार्ड निवडावे. ज्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसेल ती मुकी आहे. तिच्यावर जाऊन एम दाबले की ती बोलू लागते. त्याच ओळीत ‘ऑटो-म्यूट मोड’ दिसेल. पुढे हेडफोन आहे असे चिपला वाटले की तो मागचा जॅक बंद करतो, आणि कक्षातल्या पुढच्या जॅकचे बारीक स्विच मुलांनी वर्षानुवर्षे पिना घालून-काढून ढिले केलेले असणार, म्हणून हेडफोन नसतानाही तो आहे असे चिपला कधीमधी वाटते. हा मोड ‘डिसेबल्ड’ केल्यावर दोन्ही जॅक एकदम वाजतील. कक्षात ते चालत नसेल, तर पुढची जोडणी मदरबोर्डवरून काढून ठेवणे हा त्याहून सोपा मार्ग आहे.