प्लग बसवण्याआधी ड्रॉपची बाटली बघा

"दिवसातून 10 वेळा ड्रॉप घालूनही वाळू गेल्यासारखं खुपतं, आता डॉक्टर प्लग बसवू म्हणतात" हे तुमच्या कोरड्या डोळ्यांबद्दलचं वाचलं आणि राहवलं नाही. (प्लग म्हणजे अश्रू वाहून जायच्या छिद्रात बसवायचं बारीकसं बूच.) मी स्वतः डॉक्टर नाही, रुग्ण आहे. औषधात बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा.

एसीचा झोत, स्क्रीन वगैरे तुम्हाला माहीत असेलच. माझं नुकसान झालं ते बाटलीमुळे. 4 वेळा घालायचे ड्रॉप मी 10-12 वेळा घालायचे. त्यात औषध टिकावं म्हणून बेंझाल्कोनियम क्लोराईड हे प्रिझर्व्हेटिव्ह होतं. ते सारखं डोळ्यात गेलं की कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थरच दुखावतो. झोंबायचं, तर मला वाटायचं औषध लागू पडतंय! अशातच एका क्लिनिकमध्ये दोन्ही डोळ्यांना प्लग बसवले. म्हणजे अश्रू वाहून जायचं छिद्र बंद, आणि ते रसायनही जास्त वेळ डोळ्यातच. कोणते ड्रॉप, किती वेळा, एका शब्दाने विचारलं नाही. याचा राग अजून जात नाही. शेवटी प्लग काढावे लागले.

दुसऱ्या डॉक्टरांनी पापणीची कड दाबून पाहिली, तिथे तेलाच्या ग्रंथी असतात. पातळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखं घट्ट पांढरं बाहेर आलं. शर्मरची, म्हणजे अश्रू मोजायची, कागदी पट्टी 5 मिनिटांत 14 मिमी भिजली, म्हणजे पाणी होतं. वर तेलाचा थर नसल्याने ते उडून जात होतं. मग प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले सुटे ड्रॉप, रोज गरम शेक आणि हलक्या हाताने पापण्यांचा मसाज, शिवाय सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिन 0.05 टक्के ड्रॉप. हे शेवटचं सुरुवातीला जळजळतं आणि गुण यायला काही महिने घेतं. मी महिन्याभरातच सोडणार होते.

प्लग वाईट असं मी म्हणत नाही. पाणीच कमी असेल आणि सूज आटोक्यात असेल तर चांगला उपयोग होतो. त्यानेही भागलं नाही तर स्वतःच्या रक्तातल्या सीरमचे ड्रॉप, स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) असे पुढचे उपाय आहेत. तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर श्योग्रेनची (शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो आजार) तपासणी करायची का, हे जरूर विचारा.

आणि मेडिकलमधून लाली घालवणारे किंवा स्टेरॉइडचे ड्रॉप परस्पर आणू नका. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढू शकतो.

तुमची शर्मर किती आली? पापण्या दाबून पाहिल्या का? आणि बाटलीवर बारीक अक्षरात प्रिझर्व्हेटिव्ह काय लिहिलंय, तेवढं बघून सांगा.