वाचकांचे प्रश्न : पणजोबांच्या वहीतला 'परत'

प्रश्न : आमचे पणजोबा संगमेश्वरकडून मुंबईला गिरणीत गेले. त्यांची १९२६ सालची खिशातली वही मिळाली. काही तारखांपुढे 'बदली', त्याहून जास्त तारखांपुढे 'परत' आणि दर महिन्याला 'व्याज ३ रु.' एवढंच लिहिलंय. घरात सगळे म्हणतात, ते कामचुकार होते, कर्ज करून बसले, म्हणून जमीन गहाण पडली. हे खरं मानायचं का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, मानू नका. तुम्ही पाठवलेलं वहीचं पान मी तीनदा वाचलं. मी लालबागच्या चाळीत वाढले, आजी वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळायच्या कामावर, होती, त्यामुळे 'परत' म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. बदली कामगाराचं नाव कायम पटावर नसे. भोंगा व्हायच्या आत तो गिरणीच्या दाराशी उभा राही. कोणी गैरहजर असेल तर जॉबर, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम, त्याला आत घेई, नाहीतर 'परत'. तो दिवस बिनपगारी. म्हणजे ज्या तारखांपुढे 'परत' आहे, त्या प्रत्येक पहाटे तुमचे पणजोबा उठून दारापर्यंत गेले होते. कामचुकार माणूस झोपून राहतो, आणि झोपल्याची नोंद तर कोणीच ठेवत नाही.

जॉबरची मर्जी फुकट मिळत नसे. दस्तुरी, म्हणजे लाच, द्यावी लागे. आणि पुष्कळदा पैसे उसने देणाराही तोच असे.

आता ते तीन रुपये. त्या काळी 'रुपयाला आणा' हा महिन्याचा नेहमीचा दर होता, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. या हिशेबानं तीन रुपये हे ४८ रुपयांवरचं नुसतं व्याज. वर्षभरात ३६ रुपये भरूनही ४८ रुपयांचं मुद्दल जागच्या जागी. व्याजानं पैसे देणाऱ्या पठाणाचा दर तर याहून चढा असे. हे कर्ज होई कशानं? पगार महिन्याचा, पण हातात पडे तो पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेला. नवा माणूस पहिले सहा आठवडे वाण्याच्या आणि खानावळवाल्या बाईच्या उधारीवरच जगे. वर दंड. विणकराचं कापड खराब निघालं तर ते त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून कापत. १९२१-२२ मध्ये सरकारच्या लेबर ऑफिसनं मुंबईच्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले, तेव्हा ४७ टक्के कुटुंबं कर्जात निघाली. ९७ टक्के एकाच खोलीत राहत होती. जवळजवळ निम्मं गिरणगाव कामचुकार होतं असं म्हणणार का आपण?

जमिनीचं म्हणाल, तर गिरणीचा पगार एकट्या पुरुषापुरता, बायकामुलांचं पोट गावच्या भातावर. त्यामुळे कोकणातलं शेत गिरणीला पोसत होतं असं मी म्हणते, उलट नव्हे. पगारकपात आणि एका माणसाला जास्त साचे (माग) देण्याच्या विरोधात १९२८ च्या एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते आणि कितीतरी जण गावी जाऊन राहिले. त्या वर्षीची वही मिळाली तर ती पानं जरूर बघा.

ते कोणत्या खात्यात होते हे तुम्ही लिहिलेलं नाही. हे विचारते, कारण विणकामाला पगार बरा असे, पण दलितांना तिथं उभं करत नसत. धोट्यातून (मागावर आडवा धागा नेणाऱ्या नळीतून) दोरा तोंडानं ओढावा लागे, म्हणून बाकीचे विणकर विटाळ मानत. खाली मान घालावी अशी ही गोष्ट आमच्याच लोकांची आहे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी तो प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला.

पगार वेळेवर द्यावा आणि दंडाला मर्यादा असावी हा कायदा व्हायला १९३६ साल उजाडलं.

प्रश्न : माझ्या आजीची आई गिरणीत होती. ती तान्ह्या बाळांना अफूची गोळी देई असं आजी सांगते. आई असं कसं करू शकते?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : 'बाळगोळी' म्हणत तिला. १९२२ च्या सुमारास सरकारनं नेमलेल्या एका डॉक्टर बाईंनी गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा त्यांच्या शंभरातल्या ९८ बाळांना ती मिळत होती. दहा-दहा तासांची पाळी, बाळ खोलीत, पाजायला कोणी नाही. झोपलेलं बाळ भुकेनं रडत नसे, एवढंच त्या आईच्या हातात होतं.

१९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भकं दगावली. पुष्कळ बाळंतपणं गावी होत आणि इथं नोंदली जात नसत, त्यामुळे आकडा फुगलेला आहे. पण एका खोलीतल्या घरांत तो ८२८ होता, आणि हा फरक नोंदीच्या गोंधळानं पुसत नाही.

मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या मदतीचा कायदा १९२९ मध्ये झाला : दिवसाला आठ आणे, सात आठवडे. तुमच्या पणजीची बाळंतपणं त्याआधीची की नंतरची, ते आजीला विचारा. किती मुलं झाली आणि किती जगली, हेही विचारा आणि लिहून ठेवा. माझ्या आजीला मी हे विचारलं नाही, आणि आता सांगणारं कोणी उरलेलं नाही.